मूळ पानावरचे हात : ‘निळे कमळ’च्या १२४ पानांसमोर

चित्रकथेचे मूळ पान आणि तिचे पुस्तक ह्यांतील नाते हस्तलिखित आणि मुद्रित प्रत ह्यांतील नात्यासारखे असते, असे आपण सहज गृहीत धरतो. ते पूर्णतः खरे नाही. कवितेचे हस्तलिखित छापखान्याकडे जाण्यापूर्वी मित्राला वाचून दाखवता येते. त्याला स्वतःचे असे एक आयुष्य असते. चित्रकथेचे मूळ पान मात्र माणसाने पाहावे म्हणून काढलेले नसते. ते कॅमेऱ्याने पाहावे म्हणून काढलेले असते. त्यावरून ब्लॉक तयार झाला, छपाई पार पडली, की त्याचे काम संपते. म्हणूनच जगभरच्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून अशी हजारो पाने फेकून दिली गेली, फाटली, कुणाला तरी सहज भेट म्हणून दिली गेली. जे पान वाचले, ते बहुधा कोणाच्या तरी आळसामुळे किंवा मायेमुळे वाचले. अशा पानाला चौकट करून, मंद प्रकाशात, संग्रहालयाच्या भिंतीवर लावले म्हणजे नेमके काय घडते, हा प्रस्तुत निबंधाचा आरंभबिंदू आहे. परंतु निबंधाचा विषय तेवढाच नाही. अशा एका प्रदर्शनात मला जे दिसले, आणि जे तेव्हा दिसूनही नीट कळले नाही, त्याचा हा काहीसा उशिरा मांडलेला हिशेब आहे.

पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात २० डिसेंबर २००६ ते १९ फेब्रुवारी २००७ ह्या काळात बेल्जियन चित्रकथाकार एर्जे (मूळ नाव जॉर्ज रेमी, १९०७–१९८३) ह्यांच्या कलेचे प्रदर्शन भरले होते. निमित्त त्यांच्या जन्मशताब्दीचे होते. जानेवारी २००७ मध्ये एका चर्चासत्रासाठी त्या शहरात असताना दोन दुपारी मी तेथे घालवल्या. ज्या वास्तूत मातिस आणि पिकासो ह्यांची चित्रे नांदत होती तेथे मुलांच्या साप्ताहिकासाठी काढलेली पाने लागावीत, ह्याचे कुतूहल होतेच. पण मला तेथे ओढून नेणारी गोष्ट निराळी होती. ‘निळे कमळ’ (मूळ फ्रेंच ‘ल लोतूस ब्ल’) ह्या टिनटिनकथेची कृष्णधवल आवृत्तीची सर्वच्या सर्व १२४ मूळ पाने ह्या प्रदर्शनात एकत्र मांडलेली होती. माझ्या पिढीतील मराठी वाचकाला टिनटिन भेटला तो इंग्रजीतून, आणि इंग्रजीत ‘निळे कमळ’ अवतरले ते १९८३ साली, म्हणजे मूळ कथेनंतर जवळजवळ अर्धशतकाने. शाळकरी वयात वाचनालयातून आणलेले ते रंगीत पुस्तक माझ्या मनात होते. भिंतीवर जे होते त्याचे त्या पुस्तकाशी रक्ताचे नाते होते, पण चेहरा वेगळा होता.

चित्रकथा संग्रहालयात येण्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगायला हवा. पॅरिसच्याच सजावटकला संग्रहालयात १९६७ साली चित्रकथांचे एक गाजलेले प्रदर्शन झाले. त्यात प्राधान्याने मांडली होती ती चौकटींची मोठी केलेली छायाचित्रे. आयोजकांची भूमिका स्पष्ट होती : स्वस्त छपाई आणि हलका कागद ह्यांखाली दबलेली रेषा मोठी करून दाखवली की तिचे चित्रमूल्य लोकांना पटेल. पटलेही असावे, पण त्यासाठी चित्रकथेला भित्तिचित्राचा वेश घ्यावा लागला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९० मध्ये ‘हाय अँड लो’ ह्या प्रदर्शनात चित्रकथांना स्थान दिले, ते बव्हंशी थोर चित्रकारांना मिळालेला कच्चा माल म्हणून. आर्ट स्पीगलमन ह्यांनी त्यावर एका चित्रपृष्ठातूनच टीका केली होती. त्यानंतर २००५ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेल्या ‘मास्टर्स ऑफ अमेरिकन कॉमिक्स’ ह्या प्रदर्शनात पंधरा चित्रकारांची मूळ पाने आली आणि त्या पंधरांत एकही स्त्री नाही म्हणून वादही झाला. म्हणजे चाळीस वर्षांत प्रवास झाला तो छायाचित्रापासून मूळ कागदापर्यंत, आणि त्याचबरोबर अनामिक कारागिरीपासून ‘उस्तादा’पर्यंत. मूळ पान आणि थोर नाव ह्या दोन गोष्टी संग्रहालयात जोडीनेच प्रवेश करतात. हे लक्षात ठेवलेले बरे, कारण पुढचे विवेचन ह्या जोडीच्या विरोधात जाणारे आहे.

मूळ पानासमोर उभे राहिल्यावर पहिला धक्का आकाराचा बसतो. छापील चौकटीपेक्षा ते मोठे असते आणि रेषेला श्वास घ्यायला जागा असते. दुसरा धक्का काळ्या रंगाचा. छापील काळा सपाट असतो. कागदावरच्या शाईचा काळा मात्र कोठे दाट, कोठे किंचित तपकिरी, कोठे पुन्हा भरलेला असतो. अशा पानांवर खोडल्या गेलेल्या शिसपेन्सिलीचे अवशेष राहतात, चुकलेली रेषा झाकण्यासाठी लावलेला पांढरा रंग कालांतराने वेगळा उठून दिसू लागतो. छपाईच्या कॅमेऱ्याला ह्यांतले काहीच दिसत नसे. त्याला काळे आणि पांढरे एवढेच कळे. ज्यांनी पोथ्यांवर काम केले आहे त्यांना ही अवस्था परिचित वाटेल. समासातील भर, हरताळ लावून पुसलेले अक्षर, मध्येच बदललेले वळण : पाठचिकित्सक ह्या खुणांवरून लेखक कोण, लेखनिक कोण आणि नंतर हात लावणारा कोण हे ठरवतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, ती अशाच अनेक हातांच्या खुणा वाचून. चित्रकथेच्या मूळ पानाला चित्र म्हणून न पाहता पोथी म्हणून पाहिले तर काय हाती लागते, असा प्रश्न मला त्या दुपारी पडला. ‘निळे कमळ’पुरते त्याचे उत्तर तात्काळ मिळत होते, कारण ह्या पानांवर दोन हात उघड दिसतात.

त्या दुसऱ्या हाताची कथा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला वेधून घेईल अशी आहे. टिनटिनची साहसे ‘ल व्हँतियेम सिएक्ल’ ह्या ब्रुसेल्सच्या कॅथलिक दैनिकाच्या बालपुरवणीत, ‘ल प्ती व्हँतियेम’मध्ये, दर आठवड्याला क्रमशः येत. ह्या मालिकेतील आधीच्या कथा, विशेषतः १९३०–३१ मधील काँगोची कथा, वसाहतवादी साच्यांनी भरलेल्या आहेत, आणि त्याबद्दल पुढे बेल्जियमच्या न्यायालयापर्यंत वाद गेला. टिनटिन आता पूर्वेकडे जाणार, असे १९३४ मध्ये जाहीर झाले तेव्हा लूव्हाँ येथील चिनी विद्यार्थ्यांचे धर्मगुरू आबे गोसे ह्यांनी एर्जे ह्यांना लिहून कळवले, की चीनविषयी काढायचे तर आधी जाणून घ्या. त्यांच्या मध्यस्थीने १ मे १९३४ रोजी ब्रुसेल्सच्या कला अकादमीत शिल्पकला शिकणारा शांघायचा एक तरुण एर्जे ह्यांच्या घरी आला. त्याचे नाव झांग चोंगरेन. दोघांचाही जन्म १९०७ चा. पुढचे वर्षभर ते नियमाने भेटत राहिले. ‘निळे कमळ’ ९ ऑगस्ट १९३४ पासून १७ ऑक्टोबर १९३५ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९३६ मध्ये कास्तरमान ह्या प्रकाशनसंस्थेने त्याचे पुस्तक काढले. कथेत चांग नावाचा एक पोरका मुलगा आहे. पुरातून टिनटिन त्याला वाचवतो आणि मग दोघे एकमेकांच्या देशांविषयीचे अपसमज सांगून हसतात. मैत्रीचे हे चित्र आता पाठ्यपुस्तकी म्हणावे इतके प्रसिद्ध झाले आहे.

परंतु झांग ह्यांचा सहभाग सल्ल्यापुरता नव्हता. पानांवरची चिनी अक्षरे त्यांच्या हातची आहेत. भिंतींवरच्या घोषणा, दुकानांच्या पाट्या, फलक, पडद्यांवरील लेखन हे सारे. एर्जे ह्यांची फ्रेंच अक्षरे टाकाने काढलेली, एकसारख्या जाडीची, फुग्याच्या आत शिस्तीने बसलेली आहेत. चिनी अक्षरे फुग्यांत नाहीत, ती भिंतींवर आहेत, आणि त्यांच्या फराट्यांत जाड-बारीकपणाची वेगळी लय आहे. मुद्रित पुस्तकात ही अक्षरे पार्श्वभूमीची सजावट वाटतात. मूळ पानासमोर मात्र एकाच कागदावर दोन माणसे, दोन वळणे, दोन लेखनसंस्कृती बसून काम करत आहेत असे स्पष्ट दिसते. त्या लेखनाचा आशयही सजावटीचा नाही. त्यात साम्राज्यवादाचा धिक्कार आहे, जपानी मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन आहे, असमान तह रद्द करण्याची मागणी आहे. बेल्जियमच्या ज्या बालवाचकासाठी हे साप्ताहिक निघत होते त्याला ह्यातील एक अक्षरही वाचता येत नव्हते. कॅथलिक, पुराणमतवादी वृत्तपत्राच्या बालपुरवणीत चिनी राष्ट्रीय चळवळीची घोषणापत्रे आठवड्यामागून आठवडे छापली जात होती आणि ती कोणी वाचू शकत नव्हते. चिनी विद्यार्थी अर्थातच वाचत असणार. जपानी राजनैतिक अधिकाऱ्यांनी ह्या कथेबद्दल बेल्जियमकडे तक्रार केली. १८ सप्टेंबर १९३१ च्या मुकदेन येथील रेल्वेस्फोटाचे आणि त्याचे निमित्त करून झालेल्या आक्रमणाचे बिंग कथा उघडपणे फोडत होती.

ह्या लेखनाचे आणखी एक वैशिष्ट्य अनुवादात दिसते. चित्रकथेचा अनुवाद म्हणजे फुगा रिकामा करून तो पुन्हा भरणे. फ्रेंच जाते, इंग्रजी येते. इंग्रजी जाते, बंगाली येते. भिंतीवरचे लेखन मात्र चित्राचा भाग असल्याने सर्व भाषांत जसेच्या तसे राहते. म्हणजे ‘निळे कमळ’च्या कोणत्याही भाषेतील आवृत्तीत एर्जे ह्यांचे शब्द बदललेले असतात आणि झांग ह्यांचे अबाधित. ज्याचे नाव मुखपृष्ठावर नाही, त्याचाच हस्तलेख तेवढा सर्वत्र मूळ स्वरूपात पोचला आहे. ‘मूळ लेखक’ ही संकल्पना तपासायची असेल तर ह्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

येथवर गोष्ट सुखाची आहे आणि बहुतेक युरोपीय समीक्षक ती येथेच थांबवतात : साच्यांकडून सत्याकडे गेलेला कलावंत. थोडे तपशील मात्र अडतात. मित्सुहिरातो हा जपानी खलनायक दात पुढे आलेल्या, डुकरासारखे नाक असलेल्या हीन अर्कचित्राच्या साच्यात काढलेला आहे. चिनी हाताने चिनी साचा मोडला तेव्हा तो साचा शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीतील इंग्रज-अमेरिकी गोऱ्यांचा उद्दामपणा कथा निर्भीडपणे दाखवते, रिक्षावाल्यावर हात उगारणारा गिबन्स हे त्याचे उदाहरण. परंतु तिएन्त्सिन येथे खुद्द बेल्जियमची वसाहत होती आणि ती चीनकडे परत गेली ती १९३१ मध्ये, हे बेल्जियन बालवाचकाला ह्या कथेतून कळत नाही. माहितगार सहकारी आला की चित्र आपोआप निःपक्षपाती होते, हा समज तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा लागतो.

आणि मग भारत. ‘निळे कमळ’ सुरू होते ते चीनमध्ये नव्हे, भारतात. आधीच्या ‘फॅरोच्या विड्या’ ह्या कथेच्या शेवटी टिनटिन एका महाराजाचा पाहुणा झालेला असतो, तेथूनच ही कथा पुढे चालू होते. राजवाडा, पगड्या, चमत्कार करून दाखवणारा फकीर, माणसाला वेडे करणारे विष लावलेला बाण. त्याआधीच्या कथेत तर टिनटिन रणशिंगासारखे वाद्य कोरून हत्तींशी त्यांच्या भाषेत बोलतो. तेथे एकाही भिंतीवर भारतीय भाषेतील खरे वाक्य कोणी लिहून ठेवलेले नाही. पुढे शांघायमध्ये भारतीय पुन्हा भेटतात, ते वसाहतीच्या पोलीसदलातील शीख शिपाई म्हणून. अटकेतील टिनटिनला कोठडीत धडा शिकवण्यासाठी धिप्पाड शीख पाठवले जातात आणि तेच मार खाऊन बाहेर पडतात. विनोद जुनाच आहे. शाळकरी वयात मी त्यावर हसलो होतो. पाँपिदू केंद्रात मात्र चिनी अक्षरांकडे पाहून झाल्यावर त्या पगड्यांसमोर आलो तेव्हा हसू आले नाही. एकाच संचातील ही पाने. एका देशाविषयी एवढी आस्था, की त्याच्या रस्त्यावरची पाटीसुद्धा खरी असावी, आणि दुसऱ्याविषयी बाजारात मिळणारा तयार साचा. मी तेव्हा टिपणवहीत लिहिले : चीनला हात मिळाला, भारताला मिळाला नाही.

परत आल्यावर एका चर्चासत्रात मी हाच मुद्दा निबंध म्हणून मांडला. तो ऐकणाऱ्यांना आवडला. असे मुद्दे आवडतात, कारण त्यांत आपली बाजू दुखावलेली आणि म्हणून निर्दोष असते. चीनच्या इतिहासाच्या एका अभ्यासक सहकाऱ्यांनी नंतर चहाच्या वेळी शांतपणे विचारले, की शांघायमध्ये वाढलेल्या त्या तरुणाला शीख शिपाई कोठून दिसला असेल, ह्याचा विचार केला आहे का. मी केला नव्हता. तो विचार करायला मला पुढची काही वर्षे लागली, आणि त्याने माझा आधीचा सिद्धांत पुष्कळसा मोडला.

शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलीसदलात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून शिखांची स्वतंत्र शाखा होती. चौकाचौकांत रहदारी नियंत्रित करणारा, हाती दंडुका असलेला पगडीधारी शिपाई ही त्या शहराच्या रोजच्या दृश्यातील आकृती होती, आणि चिनी रहिवाशांच्या बोलीत त्याच्यासाठी लाल डोक्याचा असा कुचेष्टेचा शब्द होता. ३० मे १९२५ रोजी नानजिंग रस्त्यावर निदर्शकांवर गोळीबार झाला. हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा होता. गोळ्या झाडणारे शिपाई शीख आणि चिनी होते. त्या दिवसाने चीनच्या राष्ट्रीय चळवळीला नवे वळण दिले. त्या वर्षी झांग सतरा वर्षांचे होते आणि त्यांचे शहर तेच होते. भिंतीवर साम्राज्यवादाचा धिक्कार लिहिणाऱ्या हाताच्या आठवणीत तो शिपाई नसेल असे मानणे कठीण आहे. ‘निळे कमळ’मधील शीख युरोपीय साच्यातून आला असेल, छायाचित्रांवरून आला असेल, परंतु तो चिनी माणसाच्या नजरेतूनही आला असण्याची शक्यता मोठी आहे. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तर्क मान्य केला तर त्या पगडीसमोर मला जो अपमान वाटला त्याचा पत्ता बदलतो. तेथे भारतीयाला गोऱ्याने हसलेले नाही, किंवा केवळ गोऱ्याने हसलेले नाही. गोऱ्याच्या सत्तेचा दंडुका हाती घेतलेल्या भारतीयाला, त्या दंडुक्याखाली राहिलेल्या आशियाई माणसाने पाहिले आहे.

ह्या नजरेला भारतीय बाजूनेही उत्तरे होती. ती चित्रकथेत नाहीत, वाङ्मयात आणि इतिहासात आहेत. बॉक्सर उठावाच्या वेळी इंग्रजी सैन्यातून चीनला गेलेल्या ठाकूर गदाधर सिंह ह्यांचे ‘चीन में तेरह मास’ हे हिंदी पुस्तक १९०२ मध्ये प्रसिद्ध झाले. आक्रमक सैन्यातील शिपाई पराभूत चिन्यांकडे सहानुभूतीने पाहतो, हे त्या पुस्तकाचे वेगळेपण आहे. खुद्द शांघायच्या शीख शिपायांत गदर चळवळीचे वारे शिरले होते. सरकारला निष्ठावान असलेला बुद्धसिंग हा शीख पोलीस अधिकारी १९२७ मध्ये गदरपक्षीयाच्या गोळीला बळी पडला. म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या त्या पगड्यांखाली एकसारखी डोकी नव्हती. कथेत ती एकसारखीच राहतात. ‘निळे कमळ’ पूर्ण झाल्यावर तीनच वर्षांनी, १९३८ मध्ये, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. मराठी वाचकाच्या मनात भारत-चीन संबंधाची जी आकृती आहे ती त्यांची. शिपाई आणि डॉक्टर ह्या दोन आकृती एकाच इतिहासाच्या आहेत, पण पहिली आपण सहसा आठवत नाही.

शीर्षकाकडेही पुन्हा पाहावे लागते. ‘निळे कमळ’ हे शांघायमधील एका अफूच्या अड्ड्याचे नाव आहे, आणि अफूच्या चोरट्या व्यापाराचे जाळे कथेत भारतातील महाराजाच्या राज्यापर्यंत पसरलेले आहे. तेथील शेतकऱ्यांना भाताऐवजी खसखशीचे पीक घ्यायला लावले जाते. एर्जे ह्यांना साहसकथेसाठी एक सोयीचा धागा हवा होता. तो धागा इतिहासात फार जाड होता. एकोणिसाव्या शतकात बिहारची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई. रवींद्रनाथ ठाकुरांनी १८८१ मध्ये ‘भारती’ मासिकात ह्या मरणाच्या व्यापारावर कठोर निबंध लिहिला होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भारतातून होणारी ती अधिकृत निर्यात बंद झाली. पण तोवर मुंबईतील अनेक संपत्त्या त्यावर उभ्या राहून गेल्या होत्या. जमशेटजी जीजीभॉय ह्यांच्या व्यापारात अफूचा वाटा मोठा होता आणि त्यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईची कलाशाळा सुरू झाली. जेथे महाराष्ट्रातील चित्रकारांच्या कित्येक पिढ्या रेषा काढायला शिकल्या त्या संस्थेच्या पायात चीनच्या अफूचे पैसे आहेत, हे वाक्य मी टिपणवहीत पुष्कळ उशिरा लिहिले. ‘भारताला हात मिळाला नाही’ ह्या आधीच्या वाक्याशेजारी ते नीट बसत नाही. दोन्ही मी खोडलेली नाहीत.

अर्थात भारतीय हात चित्रकथेवर पडलाच नाही असे नव्हे. तो पडला तो मूळ पानावर नव्हे, फुग्यावर. बंगालीत १९७५ पासून ‘आनंदमेला’मध्ये नीरेंद्रनाथ चक्रवर्ती ह्या थोर कवीने टिनटिनचा अनुवाद केला, त्यात कुत्रा कुट्टुस झाला आणि जुळे भासणारे गुप्तहेर जनसन-रनसन. कवीने मुलांच्या साप्ताहिकी गमतीला आपली भाषा द्यावी ही बंगालीची परंपरा आहे, आणि त्या बाबतीत मराठीला थोडा हेवा वाटायला हरकत नाही. आपल्याकडे अधिक जवळचे उदाहरण आहे ते १९६४ ते १९९० ह्या काळात टाइम्स ऑफ इंडिया समूहाने चालवलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे, ज्यात अमेरिकेचा ‘फँटम’ मराठी वाचकांसाठी वेताळ झाला. मूळ अमेरिकी कथेत वेताळाचे वैरी असलेल्या चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ होते आणि त्याच्या प्रदेशाचे नाव ‘बंगाल’शी जुळणारे. इंद्रजालच्या संपादकांनी टोळीला ‘सिंगा’ केले आणि प्रदेशाला ‘डेंकाली’. चित्रांना सहसा हात न लावता नावे बदलली, आणि चाचे भारतीय राहिले नाहीत. हा बदल भीतीपोटी होता की व्यापारी शहाणपणातून, हा वेगळा प्रश्न. परंतु प्रतिमेला उत्तर देण्याची ही पद्धत लक्षणीय आहे. झांग ह्यांनी चित्रात शिरून भिंतीवर लिहिले, आपण बाहेरून येऊन फुग्यात लिहिले. पहिले सर्व भाषांत टिकले, दुसरे त्या त्या आवृत्तीपुरते.

मूळ पानांच्या पुढच्या इतिहासाविषयी थोडे. १९४६ मध्ये ‘निळे कमळ’ रंगीत स्वरूपात निघाले तेव्हा १२४ पानांची कथा ६२ पानांत नव्याने बसवली गेली. त्या सुमारास एर्जे ह्यांच्या कामात साहाय्यकांचा वाटा वाढू लागला. रेखाटन वेगळ्या कागदावर, शाईकाम वेगळ्यावर, रंग निळसर छापलेल्या तिसऱ्याच कागदावर, अशी विभागणी झाली. त्यानंतरच्या कथांचे ‘मूळ पान’ कोणते, ह्याला एक उत्तर उरत नाही. १९३४–३५ ची पाने म्हणजे त्याआधीची अवस्था. सगळे एकाच कागदावर उमटलेले. संग्रहालयाला ती मोलाची वाटतात आणि बाजारालाही. २०२१ च्या जानेवारीत ‘निळे कमळ’च्या मुखपृष्ठासाठी १९३६ मध्ये केलेले आणि छपाईस महाग पडेल म्हणून नाकारले गेलेले एक रंगचित्र पॅरिसमध्ये सुमारे ३२ लाख युरोंना विकले गेले. त्या कागदावर घड्या आहेत. ते प्रकाशकाच्या लहान मुलाला भेट मिळाले आणि घडी घालून खणात राहिले, असे सांगितले गेले. काही जाणकारांनी ह्या कथेवर शंका घेतली. खरे काहीही असो, घड्यांमुळे किंमत कमी झाली नाही. कॅमेऱ्यासाठी केलेल्या वस्तूला देवघरातील वस्तूचे मोल आले की तिच्यावर एकाच नावाची मुद्रा उमटते, आणि दुसऱ्या हाताचा उल्लेख प्रेमळ आठवणीच्या स्वरूपात तळटिपेत जातो. पाठचिकित्सेचा आग्रह मी धरतो तो एवढ्यासाठी, की ती मैत्रीच्या गोष्टीवर समाधान मानत नाही. कोणत्या चौकटीत कोणाचे वळण आहे हे विचारते, आणि जेथे वळण नाही तेथे का नाही हेही.

झांग १९३५ नंतर चीनला परतले आणि दोन मित्रांचा संपर्क तुटला. एर्जे ह्यांनी ‘तिबेटमध्ये टिनटिन’ (क्रमशः १९५८–५९) ही कथा हरवलेल्या चांगच्या शोधावर रचली. त्यातही वाटेत भारत आहे : दिल्लीतील कुतुबमिनार, लाल किल्ला, रस्त्यातली गाय. वास्तू ह्या वेळी बिनचूक आहेत. विमान बदलण्यापुरता थांबा असावा तशा. झांग आणि एर्जे प्रत्यक्ष भेटले ते १९८१ च्या मार्चमध्ये, ब्रुसेल्सला. एर्जे त्यानंतर दोन वर्षांनी गेले. झांग ह्यांची अखेरची वर्षे फ्रान्समध्ये गेली आणि तेथेच १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. मित्राचा अर्धपुतळा त्यांनी स्वतःच्या हाताने घडवला होता. पाँपिदू केंद्र नूतनीकरणासाठी २०२५ मध्ये बंद झाले. ती दालने आता तशी राहणार नाहीत.

दुसऱ्या दुपारी प्रदर्शनातून बाहेर पडल्यावर जवळच्याच एका चित्रसाहित्याच्या दुकानात मी शाईची लहान बाटली घेतली. काजळी आणि डिंक ह्यांची ती जुनी काळी शाई, अशी सारी पाने जिने काढली जातात ती. फ्रेंचमध्ये तिला चिनी शाई म्हणतात, इंग्रजीत भारतीय शाई. बाटलीवरच्या चिठ्ठीत दोन्ही नावे एकाखाली एक छापलेली होती. ती बाटली अजून माझ्या टेबलावर आहे. झाकण नीट न बसल्याने आतली शाई केव्हाच वाळून गेली, चिठ्ठी मात्र वाचता येते.